‘नौसिका’चा मांगा: बरेच महिने वाचून झाल्यावर

जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींची ‘नौसिका’ आपल्याकडे ज्यांना माहीत असते त्यांना ती सिनेमामुळे. 1984 चा तो सिनेमा पाहिल्यावर कधीतरी कळतं की याच नावाचा मांगा (जपानी चित्रकथा) आहे, तोही त्यांनीच काढलेला, आणि मग साहजिकच वाटतं की तीच गोष्ट पुस्तकात जरा ऐसपैस असेल. तसं अजिबात नाही. सिनेमातली गोष्ट मांगाच्या सात खंडांपैकी पहिल्या दोनांत आटोपते, शिवाय बरीच वेगळी असते. उरलेल्या पाच खंडांत मियाझाकी सिनेमाने दिलेला एकेक दिलासा काढून घेत जातात. मी आधी सगळं सलग वाचलं, नंतर मधूनमधून तुकड्यांनी, आणि शेवटचा खंड परत परत. आता हे लिहायला हरकत नाही एवढा तो अंगवळणी पडलाय.

आधी वस्तूबद्दल, कारण पैसे वस्तूचे जातात. माझ्याकडे आहे तो ‘व्हिझ’ या प्रकाशनसंस्थेचा इंग्रजी संच, 2012 पासून मिळणारा: एका खोक्यात दोन जाड पुठ्ठाबांधणीचे ग्रंथ, मिळून हजारावर पानं. मराठीत हा मांगा नाही, त्यामुळे इंग्रजीला पर्याय नाही. आडवं पडून, छातीवर ठेवून वाचायचा विचार सोडून द्या, मनगट दुखतं. मांडीवर उशी घेऊन किंवा टेबलावरच वाचायचं पुस्तक आहे. पानं उजवीकडून डावीकडे जातात, पण पंधरा-वीस पानांत डोळ्यांना सवय होते. छपाई काळ्या शाईऐवजी तपकिरी शाईत आहे, जपानी आवृत्तीसारखी, आणि त्यामुळे सगळ्या चित्रांना जुन्या वहीतल्या रेखाटनांचा रंग येतो. बांधणी अजून घट्ट आहे. खोका मात्र कोपऱ्यांवर पहिल्याच काही महिन्यांत फाटला. पावसाळ्यात कपाटात ठेवणार असाल तर डांबराच्या गोळ्यांपेक्षा अधूनमधून उघडून वाचणं हा बरा उपाय, नाहीतर बुरशीबद्दलच्या पुस्तकालाच बुरशी लागेल.

आवाजांचे जपानी शब्द, म्हणजे धडाम, खळ्ळ, सूंऽऽ वगैरे, चित्रांत तसेच ठेवलेत आणि त्यांचे अर्थ शेवटी यादीत दिलेत. मी ती यादी दोन-तीनदा पाहिली आणि सोडून दिली. स्फोट झाला हे चित्रावरून कळतंच.

चित्रं हा मोठा आनंद आहे, पण दमवणाराही. हल्लीच्या मांगात पानावर चार-पाच चौकटी असतात आणि डोळा सरसर खाली घसरतो. इथे एकेका पानावर दहा-अकरा चौकटी, प्रत्येकीत यंत्रांचे रिबिट, किड्यांच्या पायांचे सांधे, चिलखतांच्या घड्या, धूर, आणि त्यात माणसं. पहिल्या वाचनात विमानांच्या लढाया मला नीट कळल्याच नाहीत. कोण कुणावर गोळ्या झाडतंय हे समजायला पान दोनदा बघावं लागतं. मोठा आकार हवा तो याचसाठी. हा मांगा मोबाइलवर वाचू नका एवढं मात्र निक्षून सांगते.

तर गोष्ट. यंत्रयुग कोसळून हजार वर्षं झाली आहेत. जगाचा बराचसा भाग एका विषारी अरण्याने गिळलाय. प्रचंड बुरश्या, त्यांचे हवेत उडणारे बीजाणू, आणि त्या अरण्याची राखण करणारे घराएवढे किडे, ‘ओमू’. मुखवट्याशिवाय तिथे श्वास घेतला तर फुप्फुसं जातात. या अरण्याच्या कडेला समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे तगलेलं एक चिमुकलं खोरं, तिथल्या आजारी राजाची मुलगी नौसिका. राजाला अकरा मुलं झाली, जगली ती हीच. खोरं तोरुमेकियाच्या मोठ्या राज्याचं मांडलिक. तोरुमेकियाने दोरोक साम्राज्यावर चढाई केली की जुन्या कराराप्रमाणे खोऱ्याने एक लढाऊ विमान आणि माणसं पाठवायची. बापाऐवजी मुलगी जाते. सोबत कोण, तर खोऱ्यातले म्हातारे. तरुणांना मागे ठेवलंय, कारण खोरं पुढे चालवायला कुणीतरी हवं. हा तपशील एका संवादात उरकलेला आहे, पण मला तो फार भिडला.

ही कल्पना कुठून आली तेही रंजक आहे. जपानमधला मिनामाता उपसागर कारखान्यातून सोडलेल्या पाऱ्याने नासला, माणसं पांगळी झाली, मेली, आणि तिथली मासेमारी थांबली. मग त्याच विषारी पाण्यात मासे भरमसाट वाढले. माणसाने घाण केलेलं निसर्ग गपगुमान पचवतोय, या बातमीने मियाझाकींना हादरवलं. नायिकेचं नाव ग्रीक महाकाव्यातल्या राजकन्येचं आहे, समुद्रातून वाहून आलेल्या ओडिसियसला न घाबरता मदत करणारी ती. तिच्यात मिसळलीय हेइआन काळातल्या (आठवं ते बारावं शतक) एका जुन्या जपानी कथेतली सरदारकन्या. भुवया उपटायच्या नाहीत, दात काळे करायचे नाहीत, आणि घरात सुरवंट पाळून त्यांचं काय होतं ते बघत बसायचं, असा तिचा खाक्या. आईबाप हैराण. मांगातल्या नौसिकेचा स्वभाव समजून घ्यायला सगळ्या तलवारबाजीपेक्षा ही सुरवंटवाली मुलगी जास्त उपयोगी पडते.

कारण तिचा ठामपणा मुळात बघण्याचा आहे. सगळे ज्या गोष्टीवरून नजर काढून घेतात तिच्याकडे ही रोखून बघत राहते. अरण्याला सगळे घाबरतात, तर ही तळघरात त्याच झाडांची रोपं लावते, त्यांना खोल विहिरीचं पाणी घालते आणि शोधून काढते की स्वच्छ माती-पाण्यात ती विष सोडतच नाहीत. एवढं मोठं सत्य एका पोरीने कुंड्यांत शोधलंय आणि ते सांगायला तिच्याकडे एकच माणूस आहे, म्हातारा योद्धा युपा. हल्ली ‘कणखर नायिका’ म्हणून जे खपवलं जातं त्यात बाई पुरुषांइतकीच मारामारी करते, दोन टोमणे हाणते आणि झालं. नौसिका मारामारीत तरबेज आहेच. पण सुरुवातीलाच ती संतापून तलवार उपसते आणि नंतर स्वतःच्याच रागाची तिला भीती वाटते. ही भीती सातव्या खंडापर्यंत तिला सोडत नाही.

तिसऱ्या खंडातला सापाता शहराचा वेढा हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. तोरुमेकियाची राजकन्या कुशाना वेढा फोडायला घोडदळ घेऊन बाहेर पडणार असते (घोडे नव्हेत, दोन पायांवर धावणारे भलेमोठे पक्षी). तिला नौसिका सोबत हवी असते. नौसिका अट घालते: पकडलेल्या दोरोक बायकापोरांना आधी सोडा. कुशाना मान्य करते, आणि मग युद्ध नको म्हणणारी ही मुलगी त्या हल्ल्यात सगळ्यांच्या पुढे असते. तिला वाचवताना कुशानाचे सैनिक पडतात. तिचा लाडका काई, ज्याच्या पाठीवर ती बसलीय तो, जखमांनी मरतो. कैदी सुटले. त्यांच्या सुटकेची किंमत दुसऱ्यांनी भरली. मियाझाकी हा हिशेब कुठेही जुळवून देत नाहीत. आपण पान उलटतो आणि ती काईजवळ बसलेली असते.

कुशानाबद्दल वेगळं लिहायला हवं. माझ्या मते या मांगात खरं तर दोन हट्टी बायका आहेत, आणि पहिल्या वाचनात मला दुसरीच जास्त आवडली. सिनेमात ती जवळजवळ खलनायिका आहे. इथे तिला इतिहास दिलाय: राजगादीच्या भांडणात तिच्यासाठी असलेलं विष तिच्या आईने प्यायलं, त्यात तिची बुद्धी गेली, आणि ती आता एका बाहुलीला आपली मुलगी समजून जपते. समोर खरी मुलगी उभी असली तरी ओळखत नाही. बाप आणि भाऊ कुशानाला मरायलाच आघाडीवर पाठवतात. ती सूडासाठी जगते, सैनिक तिच्यासाठी जीव टाकतात, आणि शत्रूची गावं जाळताना तिचा हात थरथरत नाही. मग चौथ्या खंडात किड्यांचा हल्ला होतो, सैनिक तिच्याभोवती मरत असतात, आणि ही त्यांना जवळ घेऊन अंगाई म्हणते. ती अंगाई कुणाची, हे सांगायची गरज पडत नाही. सगळ्या हजार पानांतलं एक पान फाडून जपून ठेव म्हटलं तर मी ते ठेवीन. तिच्या मागे लावलेला कपटी अधिकारी कुरोतोवा हा वर आणखी बोनस. या मांगात थोडंफार हसू येतं ते त्याच्यामुळे.

आता खटकलेलं.

एक म्हणजे जो भेटतो तो नौसिकेच्या प्रेमात. म्हाताऱ्या, भिक्षू, शत्रूचे सेनापती, दोरोकांचं अनाथ पोर, किडे, सगळेच. निळ्या वस्त्रातली तारणहार येणार अशी भविष्यवाणी, तिचे कपडे ओमूच्या रक्ताने निळे होणं, दोरोक प्रजेने तिला देवदूत मानणं... मधल्या खंडांत हे फार होतं. इतकी पूजा बघून वाचणाऱ्याला तिच्याबद्दल थोडी अढीच बसते. पुढे लेखक याच पूजेला सुरुंग लावतात, पण तिथवर पोचायला धीर हवा.

दुसरं म्हणजे चौथा आणि पाचवा खंड. दोरोकांनी हत्यार म्हणून वाढवलेली बुरशी हाताबाहेर जाते, शहरं बुडतात, पुरोहितसत्तेतले दोन सम्राट-भाऊ एकमेकांच्या जिवावर उठतात, जमाती, मठ, सैन्यतुकड्या, विमानं. नकाशा उघडा ठेवूनही मी हरवले. हे मासिकात तुटक तुटक आलंय हे जाणवतं. ‘आनिमेज’ या मासिकात 1982 च्या फेब्रुवारीत सुरू झालेली मालिका 1994 च्या मार्चला संपली. मध्ये मियाझाकी सिनेमे करायला उठून गेले की मालिका थांबायची. मुळात सिनेमासाठी भांडवल मिळेना म्हणून आधी मांगा काढायचं ठरलं होतं, संपादक तोशिओ सुझुकींच्या आग्रहाने. सिनेमा दोन वर्षांत आला, आणि मांगा आणखी दहा वर्षं मानगुटीवर बसून राहिला.

पण त्या बारा वर्षांनीच हे पुस्तक घडवलं. सुरू झालं तेव्हा शीतयुद्ध होतं, संपलं तेव्हा सोव्हिएत संघ उरला नव्हता आणि युगोस्लाव्हियात शेजारी शेजाऱ्याला मारत होता. पहिल्या खंडातला लेखक निसर्ग शुद्ध आणि माणूस घाण असं काहीसं मानतो. सातव्यातला लेखक ‘शुद्ध’ हा शब्द ऐकला की सावध होतो.

इथून पुढे शेवट उघड केलाय. वाचायचं ठरवलं असेल तर सरळ शेवटच्या परिच्छेदाकडे जा.

अरण्य जगाला स्वच्छ करतंय, हा सिनेमातला सुखद शोध मांगात उलटा फिरतो. ते अरण्य निसर्गाचं नाहीच. हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी ते जमीन शुद्ध करण्यासाठी बनवलंय. आणि आत्ताची माणसं, नौसिका धरून, विषात तगावी म्हणून बदललेली आहेत. हवा खरोखर शुद्ध झाली की त्यांच्याच फुप्फुसांतून रक्त येईल. त्या दिवसासाठी शुवा या दोरोक नगरीतल्या भुयारात जुन्या लोकांनी अंडी जपून ठेवलीत, नव्या माणसांची. ती भांडकुदळ नसतील, शांत, शहाणी, संगीत-काव्यात रमणारी असतील. आत्ताचे सगळे म्हणजे मधल्या काळापुरती सोय. भुयार नौसिकेला सांगतं: सहकार्य कर, तुमच्या लोकांनाही बदलून घेऊ.

ती नाही म्हणते. नुसती नाही म्हणत नाही, ते भुयार उद्ध्वस्त करवते, आतल्या अंड्यांसकट. हे काम ती ज्याच्याकडून करून घेते तो ओमा, जग जाळणाऱ्या जुन्या अस्त्रांपैकी शेवटचं, पण जन्मलेलं बाळासारखं, तिलाच आई म्हणणारं. सुरुवातीला ती त्याला आवरण्यासाठी आई असल्याचं ढोंग करते, हे तिला पक्कं ठाऊक असतं. मग त्याला नाव देते, आणि नाव दिल्यावर तो विचार करायला लागतो, न्यायनिवाडा करू बघतो, आईला अभिमान वाटावा म्हणून धडपडतो. त्याच्या अंगच्या विषारी प्रकाशाने ती आजारी पडते. पहिल्या खंडात तिचं बोट चावून मग कायमचा खांद्यावर बसलेला छोटासा खारीसारखा प्राणी तेतो त्यातच मरतो. ढोंग आणि माया यांतली रेघ कधी पुसली गेली हे तिलाही कळत नाही. स्वतःची आई आपल्यावर प्रेम करत नव्हती, हे तिने त्याआधी एका बागेच्या मालकाला सांगितलेलं असतं, अगदी कोरडेपणाने. हे सगळं डोक्यात ठेवून ओमाचा शेवट वाचा.

माझ्या भाचीला (कॉलेजात आहे, मांगा माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाचते) हा शेवट मुळीच पटला नाही. तिचं म्हणणं: “मावशी, हिला कुणी विचारलं होतं? अख्ख्या माणसांचं भवितव्य एकटीने ठरवलं, न जन्मलेल्यांना मारलं, आणि बाहेर येऊन सगळ्यांशी खोटं बोलली. हाच निर्णय एखाद्या सम्राटाने घेतला असता तर तू त्याला राक्षस म्हणाली असतीस.” यावर आम्ही बरंच भांडलो. तिचा मुद्दा खोडता येत नाही. नौसिका खरंच कुणाला विचारत नाही. बाहेर आल्यावर सत्य फक्त तिला आणि अरण्यात राहणाऱ्या सेल्मला ठाऊक असतं, आणि ते लपवायचं असं दोघं ठरवतात.

माझं म्हणणं वेगळं आहे. तो सम्राट आणि ही यांत फरक एवढाच, पण तो मोठा आहे: हिला आपण काय केलं ते माहीत आहे. आपल्या पापाच्या खोलीने ती थरथरते, असं ती स्वतः म्हणते. भुयाराकडे सगळी उत्तरं होती, शंका एकही नव्हती. नौसिकेकडे फक्त एवढंच होतं की जगणं म्हणजे अंधारात लुकलुकणारा उजेड, आणि अंधार वगळून जे उरेल त्याला ती जगणं म्हणायला तयार नाही. दुसऱ्या कुणी आखलेल्या बेतात आपण मधला टप्पा म्हणून मरायचं, तो बेत कितीही उदात्त असो, हे तिला मान्य नाही. आणि गंमत बघा, भुयारातून वाहणारं रक्त ओमूच्या रक्तासारखंच निळं निघतं. जे तिने मोडलं तेही तिच्या लाडक्या किड्यांचंच नात्यातलं. मियाझाकींनी तिला स्वच्छ हातांनी घरी जाऊ दिलेलं नाही. मला तो शेवट बरोबर वाटतो, आणि प्रत्येक वेळी वाचताना अस्वस्थही करतो. भाची अजून मानत नाही.

सहाव्या खंडात ती अरण्याच्या पलीकडची स्वच्छ भूमी मनाने पाहून येते, सेल्म तिला सोबत चल म्हणतो. त्यालाही ती नाही म्हणते, या जगातल्या माणसांवर आपला फार जीव आहे म्हणून. हा नकार आणि भुयारातला नकार एकाच मुलीचे आहेत. शेवटचा खंड तडकाफडकी गुंडाळल्यासारखा वाटतो असं काही जण म्हणतात, मला तसं वाटलं नाही. युपाचं मरण मात्र घाईत आलंय. ज्या माणसाने सगळ्या गोष्टीला कणा दिला त्याला आणखी थोडी पानं मिळायला हवी होती. पेजिते नगरीचा राजपुत्र आस्बेल तर मध्येच जवळजवळ विसरला जातो.

घ्यावा का? सिनेमा आवडला आणि तो तसाच गोड राहावा असं वाटत असेल तर घेऊ नका. लहान मुलांना देऊ नका, यात प्रेतांचे ढीग आहेत. पहिला मांगा म्हणूनही मी हा सुचवणार नाही, त्या चौकटींची दाटी नवख्याला पळवून लावेल. बाकी कुणी विचारलं तर माझा सल्ला असा की पहिला ग्रंथ लागोपाठ वाचा, चौथ्या-पाचव्या खंडात नावं विसरली तर विसरू द्या, आणि सातवा सुरू करायचा तो सुट्टीच्या दिवशी सकाळी, कारण तो मध्ये ठेवता येत नाही.